माळ्यावरची वाटी

३ डिसेंबर, बुधवार
आमचे श्री. रिटायर होऊन आज तिसरा दिवस. तीस वर्षं सिलतऱ्याच्या प्लांटात पर्चेस खातं सांभाळलं, आता घर सांभाळणार. सकाळी हॉलच्या भिंतीवर कागद: ‘मजा तीच, खर्च निम्मा.’ सेलोटेपने चिकटवलाय, काढताना रंगाचे पोपडे येतील ते वेगळं. पेन्शन नाही, पी.एफ.च्या व्याजात भागवायचं, हे मला कळत नाही असं नाही. पण भिंतीवर कशाला?

संध्याकाळी नेहमीप्रमाणे शं.न. कॉलनीत मैत्रिणीकडे, मालूकडे, मग दोघी तिच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गुपचुप, म्हणजे इकडची पाणीपुरी, खायला. सोळा वर्षं बुधवार चुकवला नाही. तीन वर्षांपूर्वी मालूचे वसंतराव गेले, तेव्हाचे दोन महिने सोडून. कागदाचं सांगितलं तर मालूला हसताना पाणी नाकात गेलं. म्हणाली, “तुले पण निम्मी करतील, पाहजो.”

घरी येऊन श्री.ना बजावलं. काहीही कापा, बुधवार कापायचा नाही. “नोट केलं,” म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार
गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. ताटात काहीतरी काळं पसरलेलं. ओवा वाटला. वापरलेली चहापत्ती. चोथा धुऊन वाळत घातलाय. थंडीत प्लांटांची काजळी गच्चीवर येऊन बसते, हात फिरवला तर तळवा काळा होतो. तीच त्या पत्तीवर.

फेकायला ताट उचललं तर श्री. म्हणाले, “काहून फेकून राहिली? अजून जान आहे त्यात.”

म्हणजे परवापासून मी तेच पीत होते. गुळणी केली. तरी जिभेवरची चव जाईना.

१० डिसेंबर, बुधवार
आज श्री.चं भाजीवाल्यांकडून कोटेशन. तीन जणांचे भाव कागदावर लिहून घेतले, मग मधल्याला जाऊन सांगितलं की तो एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, नाही. तो बिचारा शेवग्याच्या शेंगा हातात धरून म्हणाला, “भैया, मैं तो मुनगा बेचता हूँ.” मी दोन पावलं मागे उभी राहून ओळख नसल्यासारखं केलं.

मालूला सांगितलं. हसली, मग म्हणाली, “निदान कोणी भाव करून तरी राहिलं घरात.”

१४ डिसेंबर, रविवार
दर रविवारी शं.न.तल्या हॉटेलात डोसा खायला जायचो. बंद. त्याऐवजी ‘घरीच हॉटेल’. श्री. इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर खुर्चीत बसले, मेन्यूकार्ड तयार केलं होतं, फोनवर सतार लावली. म्हणाले, “ॲम्बियन्स तोच.”

आणि डोसे? डोसे कोण करणार? खाली गॅसपाशी मी. चार जिने चढून गरम डोसा वर न्यायचा, परत खाली. पाचव्या फेरीला म्हणाले, “सर्व्हिस जरा स्लो आहे.”

मजा त्यांची तीच. खर्च निम्मा. राबणारी फुकट. असली काटकसर तर कोणालाही जमेल.

१७ डिसेंबर, बुधवार
न्हाणीघरात साबणाचा गोळा. उरलेल्या चिपट्या एकत्र दाबून केलेला, हिरवा, गुलाबी, पिवळा. त्यात केस. शी. लिहितानाही अंगावर काटा येतो. खिडकीतून फेकला. तासाभराने परत जागेवर. धुऊन आणलाय म्हणे.

२१ डिसेंबर, रविवार
तांदळाच्या डब्यात वर सुवासिक दुबराज, खाली कसला तरी जाडा तांदूळ. वरचा संपला तसं मला कळलं. दुबराजचा भात शिजला की बाहेरच्या फाटकापर्यंत वास जायचा. आजचा भात वास नसलेला, नुसता पांढरा.

रात्री पोरीला बंगलोरला फोन. मी मराठीत बोलते, ती हिंदीत. “मम्मी, पापा को कोई काम दे दो ना. बोर हो रहे होंगे.” म्हटलं काम देऊनच तर ही गत झाली. ती हसून राहिली. सगळ्यांना हसू येतं. सगळ्यांना येतं कारण तो गोळा त्यांच्या अंगाला लागत नाही.

२८ डिसेंबर, रविवार
खरं लिहायचं तर महिनाअखेर पैसे उरलेत. श्री.नी आनंदाने दाखवले. मी “हं” म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. ज्यात त्यात एक चिकट वास यायला लागलाय.

२ जानेवारी, शुक्रवार
संक्रांतीच्या हळदीकुंकवाची, ह.कुं.ची यादी. बारा जणी. यंदा मालूला बोलावणार. वसंतराव गेल्यापासून ती कोणाच्याच ह.कुं.ला गेली नाही, कारण कोणी बोलावलंच नाही. मीही नाही. लोक काय म्हणतील म्हणून. लाज वाटते लिहायला. कसली घाणेरडी रीत, नवरा गेला की बाईच्या कपाळाला हात लावायला माणसं भितात.

७ जानेवारी, बुधवार
ठेल्यावर मालूला विचारलं. पानाचा दोना हातात तसाच. “मले नको बोलावू, शैला. उगाच लोकाहिले विषय.” म्हटलं, तू आली नाहीस तर मी ह.कुं. करतच नाही. दोन्यातलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाली, “पाहतो.” मालू कधी ‘पाहतो’ म्हणाली म्हणजे ती येते.

येताना ऑटोत मला फार बरं वाटत होतं. स्वतःचीच पाठ थोपटत आले घरापर्यंत.

९ जानेवारी, शुक्रवार
वाण काय लुटायचं यावर जुंपली. मी म्हटलं गोलबाजारातून आणू काहीतरी छान. श्री. म्हणाले, माळ्यावर अख्खं दुकान आहे. वर चढले. लग्नात आलेली भांडी, बारशात आलेली, तेराव्यात आलेली, डबेच्या डबे. इतक्या वर्षांचं जमवलेलं, कधी लागेल म्हणून ठेवलेलं. पोरीच्या लग्नात वाटून उरलेल्या अकरा वाट्या निघाल्या, कोऱ्या, चकचकीत.

“बाराले एक कमी.”

“मला विचारू नका. काय करायचं ते करा,” म्हटलं आणि दळण आणायला गेले.

१२ जानेवारी, सोमवार
श्री. जुने गिफ्टपेपर इस्त्री करत बसलेत. खरोखर इस्त्री. गादीखाली जपलेले पोरीच्या वाढदिवसांचे कागद. फुगे, टोप्या, हॅप्पी बर्थडे. त्यात वाट्या बांधल्या, बारा. रांगेत मांडून मला बोलावलं. “साइज सेम, पत्र्याचा गेज सेम, वजन तराजूवर करून घेतलं. कोणी ओळखून दाखवावं बारावी कोणती.”

फुग्यांच्या कागदात हळदीकुंकवाचं वाण. हा माणूस मला गावात तोंड दाखवू देणार नाही. बघितलंही नाही मी नीट त्या वाट्यांकडे.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. लाडू झाले. बुधवार घरच्या गडबडीत गेला, मालूला फोनवरच तिळगूळ. शुक्रवारी येते म्हणाली. कोणती साडी नेसू विचारत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा.

१६ जानेवारी, शुक्रवार
ह.कुं. झालं.

मालू आली. शेवाळी साडी, गजरा नाही. कुंकू लावायला गेले तर मान मागे घेतली, जराशी. मी लावलं. शेजारच्या पाठकवैनी मोठ्याने म्हणाल्या, “यांनाही बोलावलं का?” मी पण मोठ्याने म्हटलं, हो, आधी यांनाच बोलावलं. खोलीत शांत झालं. मला आवडलं ते शांत होणं.

वाण मी स्वतःच्या हाताने दिलं. टोप्याटोप्यांचा कागद बघून सगळ्या खिदळल्या. मालूनेही हसत सोडला. वाटी उलटी केली, अंगठा बुडाशी फिरवला. मग कागद घडीवर घडी बसवून परत बांधला आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाली, “मजबूत आहे.” चहा घेतला नाही. कुकर लावायचा आहे म्हणाली.

एकट्या बाईला साडेपाचला कसला कुकर?

१७ जानेवारी, शनिवार
उरलेलं सामान माळ्यावर टाकायला चढले. कोपऱ्यात छोटा पुठ्ठ्याचा डबा, रिकामा, सेलोटेप कापलेली. झाकणावर मालूचं अक्षर. ‘शैलासाठी. दही लावायला.’

तिथेच बसले शिडीवर.

वसंतरावांच्या वर्षश्राद्धाला मालूने सगळ्यांना वाट्या वाटल्या होत्या. बुडाशी नाव घातलेल्या: कै. वसंतराव यांच्या स्मरणार्थ. माझा डबा वेगळा, माझ्या नावाचा. माझ्या हातचं कवडी दही त्यांना फार आवडायचं, दर गुरुवारी डबा घेऊन यायचे. ते दिवस असे होते की बघवत नव्हतं मला, आणून माळ्यावर टाकला. नंतर काढू म्हटलं. दोन वर्षं.

म्हणजे काल चारचौघींत मालूच्या कपाळाला कुंकू लावून, तिच्याच नवऱ्याच्या नावाची वाटी फुग्याटोप्यांच्या कागदात बांधून मी तिच्या हातात ठेवली. वाण म्हणून.

श्री.ना डबा दाखवला. पांढरे पडले. “मी गेज पाहिला. वजन पाहिलं. उलटी करून नाही पाहिली.” मी खूप बोलले. तुमच्या काटकसरीला आग लागो, कागदाला आग लागो, माणसाचं मढंसुद्धा सेकंडहँड घ्याल तुम्ही. हे शेवटचं बोलायला नको होतं. ते उठले आणि भिंतीवरचा कागद काढला. पोपडे आलेच.

१८ जानेवारी, रविवार
मालूला फोन केला नाही. बोट तिच्या नावापर्यंत जातं.

सकाळी श्री.नी चहा केला. नवी पत्ती, दोन चमचे, आलं. कप समोर ठेवून बाहेर गेले ते जेवायलाच आले. कुठे गेला होतात विचारलं नाही. न्हाणीत नवा साबण आहे.

तो चहा तसाच गार झाला, मोरीत ओतला.

२१ जानेवारी, बुधवार
पाच वाजता ठेल्यावर गेले. मालू नाही. ठेलेवाला म्हणाला, “दीदी, वो बड़ी दीदी नहीं आई?” तब्येत ठीक नाही, म्हटलं. एक प्लेट खाल्ली. पाणी तेच, चिंच तीच. सहावा गुपचुप टाकून दिला. तिचं घर तिथून पन्नास पावलांवर, खिडकीत दिवा होता. गेले नाही. भित्री.

२२ जानेवारी, गुरुवार
गेले शेवटी.

दार उघडलं. “ये.” आत बसवलं. पोहे कालवून आणले, दही घालून. त्याच वाटीत.

“खा. गार होऊन राहिले” असं ती नेहमी म्हणते. आज नुसतं “खा.”

मी खाल्ले. वाटी तळहातावर, बुडाचं नाव तळहाताला टेकलेलं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं हाताला लागत होती. दही आंबट होतं, मालूला दही कधी जमलं नाही. वसंतराव म्हणून तर माझ्याकडे यायचे.

म्हटलं, मालू, माफ कर.

म्हणाली, “भाऊजी रविवारी येऊन गेले. उभ्याउभ्या रडले, बापा. म्हणे माझीच चूक, मीच काढली माळ्यावरून, शैलाले काही माहीत नाही.”

आणि मी मान हलवली. हो म्हटलं. “हो गं, ह्यांनीच.” इतकं सोपं होतं ते. तोंडातून आपोआप आलं, पोह्यांच्या घासाबरोबर.

मालूने माझ्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. म्हणाली, “आतमध्ये दुकानाचं स्टिकर तसंच होतं. नखानं काढलं मी.”

तिला माहीत आहे. वाटीला दोन वर्षांत पाणीसुद्धा लागलेलं नव्हतं, हे तिला शुक्रवारीच कळलं, अंगठा फिरवला तेव्हा. आणि तरी तिने चारचौघींत “मजबूत आहे” म्हणून माझी लाज राखली. मी मात्र आज तिच्याच घरात, तिचेच पोहे खात खोटं बोलले, ज्यांनी माझ्यासाठी जाऊन मान खाली घातली त्यांच्यावर सगळं ढकललं.

निघताना म्हटलं वाटी देतेस का परत, मी लावीन दही. म्हणाली, “राहू दे. आता लागते मले.” थोड्या वेळाने आतून एका झाकणात विरजण आणलं. “हे घेजो. तुझंच आहे, मागे नेलं होतं.”

महिनाभर मी श्री.ची किळस करत होते. साबणाची, पत्तीची, कागदाची. ते निदान सगळं उघडपणे करतात.

२४ जानेवारी, शनिवार
श्री.ना सगळं सांगितलं, ‘हो’ म्हटल्याचंही. वाटलं चिडतील. म्हणाले, “मी म्हटलं तसंच तू म्हटलं. पार्टी एकच.” म्हटलं, तुमचं खोटं माझ्यासाठी होतं, माझंही माझ्यासाठीच. श्री. पेपर उलटा धरून वाचत बसले.

२५ जानेवारी, रविवार
रथसप्तमी. दोघांनी मिळून माळा रिकामा केला. एकेक भांडं उलटं करून बघितलं. चाळीसेक नावं निघाली. कोणाकोणाची, काही तर आठवतही नाहीत. सासूबाईंच्या नावाचं एक ताट, सासऱ्यांनी दिलेलं, तेही कोरं. आम्ही घरात पिचके डबे वापरतो आणि डोक्यावर हे. श्री. स्टिकर काढायला बसले, तेल लावून, नखाने. ही काटकसर कोणी केली होती? त्यांनी नाही. मी केली, इतकी वर्षं, आणि तिला जपणं म्हणत होते.

दुपारी सासूबाईंच्या ताटात जेवलो. दुबराज लावला होता. श्री. दोनदा भात घेऊन म्हणाले, “याले कोटेशन नाही.” मी हसले नाही, पण राग पण आला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
मालूच्या विरजणाने दही लावलं. दूध कोमट आहे की नाही ते तीनदा बोट बुडवून बघितलं, नव्या सुनेसारखं. डबा शालीत गुंडाळून ठेवला, थंडी आहे.

२८ जानेवारी, बुधवार
दही लागलं. कवडी पडलीय. झाकण उघडून दोनदा बघितलं.

सव्वाचार झालेत. मालूचा फोन नाही. मीही केला नाही. फोनवर तिने “नको येऊ” म्हटलं तर माझं सांगायचं तसंच राहून जाईल, आणि ते ठेल्यावरच सांगायचं आहे, उभं राहून, दोना हातात असताना. एकच वाक्य आहे. ‘तुझा डबा मी उघडलाच नव्हता.’ सकाळपासून पाठ करतेय.

ती खाली येईल की नाही माहीत नाही. आली तर ऐकून काय म्हणेल तेही नाही. गेल्या बुधवारी खिडकीत दिवा होता.

श्री.नी विचारलं, किती वाजता येशील? सांगता येत नाही म्हटलं. ते आत गेले, आणि ऑटोचे पैसे घेऊन आले, वर दोन प्लेटचे. दोन.

दह्याचा डबा पिशवीत सरळ बसत नाही. ऑटोत मांडीवर धरून बसावं लागेल, वळणावर दोन्ही हातांनी.